हळदीचा डाग आणि प्रकाशाची चिप

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की आई आधी साबण लावायची, आणि डाग निघायच्या ऐवजी लालभडक व्हायचा. मग "राहू दे, उन्हात टाक" म्हणून सदरा दोरीवर जायचा. दोन दिवसांत डाग विटत विटत नाहीसा व्हायचा. पुढे रसायनशास्त्र शिकायला लागल्यावर कळले की साबणातल्या अल्कलीमुळे हळदीतल्या करक्यूमिन या रेणूचा रंग पालटतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यामागेही हेच रसायन आहे. आणि उन्हात तोच रेणू प्रकाश शोषून तुटतो, म्हणून डाग जातो. यातली पहिली गोष्ट फळ्यावर दोन ओळींत मांडता येते. दुसरी गोष्ट, म्हणजे प्रकाश शोषल्यापासून तुटेपर्यंत त्या रेणूच्या पोटात क्षणाक्षणाला काय घडते, ही पूर्ण काटेकोरपणे मोजून मांडणे आजच्या कोणत्याही महासंगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

कारण मोजदादीचे आहे. करक्यूमिनमध्ये ४७ अणू असतात. अणूंच्या संख्येची तिप्पट करून त्यातून सहा वजा केले की रेणूच्या स्वतंत्र कंपनांची संख्या मिळते. पाण्याला तीन, अमोनियाला सहा, बेंझीनला तीस. करक्यूमिनला १३५. क्वांटम नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनाची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. कंपनामागे फक्त चारच पायऱ्या धरल्या तरी साऱ्या कंपनांच्या मिळून होणाऱ्या अवस्थांची संख्या एकावर ८१ शून्ये देऊनही पुरत नाही. दृश्य विश्वातल्या अणूंच्या संख्येचा जो अंदाज सांगितला जातो, तो याच घरातला आहे. ही संख्या संगणकात मावत नाही म्हणून रसायनशास्त्रज्ञ शंभर वर्षे हुशारीने काटछाट करत आले आहेत, आणि ती काटछाट बहुतेक वेळा छान चालतेही. जिथे चालत नाही, तिथे आजचा विषय सुरू होतो.

१९८१ साली रिचर्ड फाइनमन यांनी सुचवले होते की निसर्ग क्वांटम असेल, तर त्याची नक्कल करणारे यंत्रही क्वांटम असावे. त्या सूचनेला आता अनेक शाखा फुटल्या आहेत. त्यातली एक शाखा प्रकाशाची आहे: चिपवर कोरलेल्या बारीक वाटांमधून फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे एकेक कण, सोडायचे, त्यांना आरशांवरून एकमेकांत मिसळू द्यायचे, आणि शेवटी कुठल्या वाटेने किती फोटॉन आले ते मोजून रेणूबद्दल काही जाणून घ्यायचे. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला १९ एप्रिल २०२३ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ६००३.६५ कोटी रुपयांच्या या योजनेत अतिवाहक, म्हणजे विजेला विरोध न करणाऱ्या पदार्थांच्या यंत्रांच्या बरोबरीने प्रकाशावरच्या यंत्रांचेही नाव आहे. म्हणजे हा पैसा तुमचा-माझा आहे आणि त्याबद्दल बोलायचा हक्कही आपल्याला आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. प्रकाशावर चालणाऱ्या या यंत्रांवर आपण पैसा घालावा, मनापासून घालावा. पण "महासंगणकाला हरवले" अशा बातमीच्या आशेने घालू नये. दुर्बिणीवर किंवा वर्णपटमापकावर जसा घालतो तसा घालावा: एखादा ठरलेला प्रश्न असलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती देण्यासाठी. आणि त्या यंत्राला हरवण्याचे काम करणाऱ्या साध्या संगणकवाल्यांनाही त्याच थैलीतून पैसे मिळावेत.

हे मत का बनले ते समजायला यंत्र आतून पाहावे लागते.

फोटॉन हे बोसॉन आहेत. हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून आले. ढाक्यात शिकवत असताना १९२४ साली त्यांनी प्रकाशकण मोजण्याची नवी रीत मांडली, लेख आइन्स्टाइनकडे पाठवला, आणि आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापून आणला. बोस यांच्या मोजणीचे मर्म असे की दोन फोटॉन सर्वार्थाने सारखे असतील तर 'हा पहिला, तो दुसरा' असे म्हणायला जागाच उरत नाही. याचा एक विलक्षण परिणाम १९८७ साली रॉचेस्टर विद्यापीठात हाँग, ऊ आणि मँडेल यांनी प्रयोगात दाखवला. अर्धा प्रकाश परतवणाऱ्या आणि अर्धा आरपार जाऊ देणाऱ्या आरशावर दोन्ही बाजूंनी एकेक सारखा फोटॉन एकाच क्षणी सोडला, तर ते कधीही दोन दिशांना फुटून निघत नाहीत. दोघे जोडीने एकाच बाजूने बाहेर पडतात. अशा आरशांचे मोठे जाळे विणले आणि त्यात पुष्कळ फोटॉन सोडले की बाहेर पडणाऱ्या नमुन्यांचे गणित भयंकर अवघड होते. इतके की २०११ साली आरनसन आणि आर्खिपोव यांनी सबळ कारणे देऊन दाखवले की साध्या संगणकाला त्याची नेमकी नक्कल करता येण्याची आशा ठेवू नये.

आता रेणूकडे या. रेणूच्या कंपनाची ऊर्जा ज्या पायऱ्यांनी वाढते, त्या पायऱ्याही बोस यांच्याच नियमाने मोजल्या जातात. कंपनाची एक पायरी आणि प्रकाशाचा एक फोटॉन यांचे गणित एकच आहे. भौतिकशास्त्रात असे जुळलेले गोत्र क्वचितच फुकट मिळते.

रेणू प्रकाश शोषतो तेव्हा त्यातला एखादा इलेक्ट्रॉन वरच्या अवस्थेत जातो आणि अणूंना धरून ठेवणारे बंध क्षणात बदलतात. काही सैल होतात, काही आवळतात. रेणूचा आकार थोडा सरकतो. कंपनांचे वेग बदलतात. शिवाय जुनी कंपने आणि नवी कंपने एकास एक राहत नाहीत. एक जुने कंपन दोन-तीन नव्या कंपनांचे मिश्रण होऊन बसते. हे मिश्रण १९३७ साली दुशिन्स्की यांनी मांडले. गंमत अशी की यातल्या प्रत्येक गोष्टीला प्रकाशाच्या बाकावर जोडीदार आहे. आकार सरकण्याला लेझरचा साधा झोत. वेग बदलण्याला 'दाबलेला' प्रकाश, म्हणजे ज्याची अनिश्चितता एका बाजूने चेपून दुसऱ्या बाजूने फुगवली आहे असा. आणि कंपनांच्या मिश्रणाला आरशांचे जाळे. या तिन्ही गोष्टी एका रेणूच्या मापाने बसवल्या की शेवटच्या डिटेक्टरवर मोजलेले फोटॉन म्हणजे त्या रेणूच्या कंपनांच्या पायऱ्या. तीन नंबरच्या वाटेवर दोन फोटॉन आले याचा अर्थ तिसरे कंपन दोन पायऱ्या वर गेले. असे हजारो वेळा मोजून ऊर्जांची बेरीज केली की रेणूचा शोषण-वर्णपट, म्हणजे तो कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषतो याचा आलेख, उभा राहतो. ही कल्पना २०१५ साली जूनसुक हू, अॅलन अस्पुरू-गुझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले होते की विखुरलेला प्रकाश रेणूच्या कंपनाचा शिक्का घेऊन बाहेर पडतो. तेव्हा प्रकाश रेणूचे कंपन वाचत होता. आता तोच प्रकाश त्या कंपनाची भूमिका वठवू लागला आहे. ज्या देशाने यातली दोन मुळे रुजवली त्या देशाने या कामाकडे केवळ परदेशी स्पर्धा म्हणून पाहू नये, असे मला फार वाटते.

आतापर्यंत प्रत्यक्षात काय झाले? २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात अँड्र्यू व्हाइट यांच्या गटाने अस्पुरू-गुझिक यांच्या गटाबरोबर फोटॉन वापरून हायड्रोजन रेणूची ऊर्जा काढली. २०१४ साली ब्रिस्टलच्या गटाने प्रकाशाच्या चिपवर हेलियम हायड्राइड आयनाची ऊर्जा काढली आणि त्यासाठी जी पद्धत वापरली ती पुढे सगळ्या प्रकारच्या क्वांटम यंत्रांवर रूढ झाली. (हा आयन विश्वात सगळ्यात आधी बनलेल्या रेणूंपैकी मानला जातो, पण अवकाशात तो प्रत्यक्ष सापडला २०१९ साली. चिपने त्याची ऊर्जा आधी मोजली, आकाशाने त्याला नंतर दाखवले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.) २०१८ साली ब्रिस्टलमध्येच सहा वाटांच्या चिपवर चार अणूंच्या रेणूंची कंपने काळाप्रमाणे कशी पुढे सरकतात ते चालवून पाहिले गेले. चार अणूंच्या रेणूला सहा कंपने आणि चिपला सहा वाटा, असा तो नेमका मेळ होता. २०२० साली येल विद्यापीठात दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी अतिवाहक पोकळीतल्या मायक्रोवेव्ह फोटॉनांनी पाणी, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांचे वर्णपट काढले. २०२१ साली टोरांटोच्या झनाडू कंपनीने आठ वाटांच्या चिपवर एथिलीनचा वर्णपट काढला.

हे सगळे रेणू लहान आहेत आणि या प्रत्येकाचे उत्तर साध्या लॅपटॉपवर आधीच ठाऊक होते. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. नवी तागडी आणली की आधी ओळखीची वजने टाकूनच ती पारखायची असते. अडचण तेव्हा होते जेव्हा ओळखीचे वजन तोलल्याची बातमी 'आता नवी औषधे झटपट सापडणार' अशी छापून येते.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण बहुतेक बातम्यांत तो पुसला जातो. क्वांटम संगणकाची आश्वासने म्हणून जी उदाहरणे सतत दिली जातात, म्हणजे कमी ऊर्जेत खत, नवे उत्प्रेरक, औषधाचे प्रथिनाला चिकटणे, ती मुख्यतः इलेक्ट्रॉनांची कोडी आहेत. हवेतल्या नायट्रोजनापासून अमोनिया करणाऱ्या जिवाणूंच्या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम यांचा जो गाभा आहे तिथे डझनावारी इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतलेले असतात. इलेक्ट्रॉन फर्मिऑन आहेत; त्यांचा स्वभाव बोसॉनच्या उलट, एकाच्या जागी दुसऱ्याला येऊ न देणारा. फोटॉनांकडून त्यांची भूमिका करून घ्यायची तर सर्वसाधारण, चुका दुरुस्त करणारा पूर्ण क्वांटम संगणक बांधावा लागतो. प्रकाशातूनही तो बांधता येईल हे २००१ साली निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी सिद्ध केले, पण त्याला प्रचंड संख्येने फोटॉन, स्विच आणि डिटेक्टर लागतील. आज हातात असलेल्या चिपा कंपनांच्या आहेत. वर्णपट, उष्णतेचे वहन, प्रकाश पडल्यावरची पहिली थरथर हे त्यांचे शेत. कुणी त्या शेतात खताचा कारखाना दाखवून पैसे मागत असेल, तर जमिनीचा उतारा आधी पाहायला हवा.

आता मथळ्यांकडे. डिसेंबर २०२० मध्ये चीनमधल्या हफेई इथल्या पान च्यान-वेइ आणि लू चाओ-यांग यांच्या गटाने 'जिउझांग' या यंत्राची बातमी दिली. १०० वाटा, ७६ पर्यंत मोजलेले फोटॉन, २०० सेकंदांत झालेले काम. हेच करायला चीनच्या ताइहूलाइट महासंगणकाला २५० कोटी वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. २०२२ साली झनाडूच्या 'बोरिआलिस'ने २१६ वाटांवर ३६ मायक्रोसेकंदांत नमुना काढला आणि महासंगणकाला त्यासाठी ९,००० वर्षे लागतील असे म्हटले गेले. प्रयोग म्हणून ही दोन्ही कामे थोर आहेत. इतके फोटॉन एकमेकांशी असे जुळवणे हा कारागिरीचा कळस आहे. पण जिउझांगच्या आरशांच्या जाळ्यात कोणताही रेणू नव्हता. ते जाळे मुद्दाम कसेही, नशिबाच्या फाशांनी ठरवलेले होते, कारण गणिताची अवघडपणाची खात्री तिथेच सगळ्यात भक्कम असते. रेणूचे जाळे कसेही नसते. त्याला रचना असते, सममिती असते, पुष्कळ कंपने एकमेकांशी जेमतेम मिसळतात. आणि जिथे रचना असते तिथे साध्या संगणकाला शिरायला फट मिळते.

ती फट सापडलीही. २०२४ साली चांगहुन ओ, बिल फेफरमन, लियांग जियांग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सर्व कंपने आदर्श स्प्रिंगसारखी धरली, तर रेणूचा वर्णपट साध्या संगणकावरही कार्यक्षमपणे काढता येतो. प्रकाशाचे यंत्र जेवढा अचूक वर्णपट देईल तेवढाच. म्हणजे २०१५ पासून ज्या उपयोगाकडे बोट दाखवून या यंत्रांचे समर्थन होत होते, त्या उपयोगाच्या मूळ स्वरूपात क्वांटमचा मोठा फायदा बहुधा नाही. त्याच वर्षी आणखी एका कामात याच मंडळींपैकी काहींनी दाखवले की मोठ्या प्रयोगांमध्ये वाटेत इतके फोटॉन हरवतात की उरलेल्या नमुन्याची नक्कल साध्या संगणकाला जमते.

हे फोटॉन हरवणे या सगळ्या विषयाचे जुने दुखणे आहे, म्हणून त्याचा हिशेब एकदा करून पाहा. एक फोटॉन चिपच्या आरंभापासून डिटेक्टरपर्यंत सुखरूप पोहोचण्याची शक्यता ९० टक्के धरा. मग २० फोटॉन सगळेच्या सगळे पोहोचण्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते. ५० फोटॉन असतील तर अर्ध्या टक्क्यावर. आणि एकेकाची शक्यता ५० टक्के असली तर वीसच्या वीस पोहोचण्याचा योग साडेदहा लाखांत एकदा. रेणूच्या भाषेत हरवलेला फोटॉन म्हणजे गाळलेली पायरी. वर्णपटातली रेघ चुकीच्या जागी उमटते आणि ती चुकीची आहे हे कळायला मार्ग नसतो. प्रकाशाची चिप साध्या तापमानाला चालते हे खरे आहे आणि तो मोठा गुणही आहे, पण एकेक फोटॉन नीट मोजणारे चांगले डिटेक्टर अजून उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. पहिले वाक्य सांगणाऱ्याने दुसरेही सांगावे, एवढीच अपेक्षा.

"मग हे सोडूनच द्यायचे का?" असा प्रश्न इथे कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवा. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण पुन्हा रसायनातच आहे.

'सर्व कंपने आदर्श स्प्रिंगसारखी धरली तर' ही अट पाहा. खरा बंध आदर्श स्प्रिंग नसतो. आदर्श स्प्रिंग कितीही ताणली तरी तुटत नाही. खरा बंध तुटतो. म्हणून तर रसायनशास्त्र नावाचा विषय आहे! सदऱ्यावरचा डाग उन्हात जातो तो बंध तुटल्यामुळे. हायड्रोजन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा तिथे एक दरी नसते, दोन दऱ्या आणि मधे टेकडी असते. इलेक्ट्रॉनच्या दोन अवस्था ऊर्जेत एकमेकींना शिवतात तिथे तर कंपने आणि इलेक्ट्रॉन वेगळे धरताच येत नाहीत, आणि डोळ्यातल्या दृष्टीपासून त्वचेतल्या डीएनएच्या बचावापर्यंत प्रकाशाच्या रसायनातले बरेच काही अशाच जागी घडते. या प्रश्नांना २०२४ची ती पद्धत हात लावत नाही. साध्या संगणकाची खरी दमछाक इथेच होते.

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आजच्या प्रकाशाच्या चिपाही इथे हात लावत नाहीत. आरसे आणि दाबलेला प्रकाश यांतून फक्त स्प्रिंगच वठवता येते. बंध तुटणे दाखवायचे तर एका फोटॉनने दुसऱ्या फोटॉनला ढकलले पाहिजे, आणि फोटॉन एकमेकांना जवळजवळ ओळखतच नाहीत. टॉर्चचे दोन झोत हवेत एकमेकांतून बिनदिक्कत आरपार जातात. ज्या अलिप्तपणामुळे प्रकाश निरोप वाहून नेण्यात श्रेष्ठ ठरतो, तोच इथे आडवा येतो. त्यावर उपाय आहेत: मधेच मोजून पुढची वाट बदलणे, फोटॉनला एखाद्या अणूशी किंवा सूक्ष्म स्फटिकाशी गाठ घालून देणे. सगळे अवघड, सगळे अपुरे. माझ्या मते पैसा आणि बुद्धी लावायची जागा हीच आहे. वाटांची संख्या १०० वरून २१६ करणे हे काम दुय्यम. दोन फोटॉनांची खरीखुरी ओळख करून देणे हे मुख्य.

शेजारच्या आळीत काय चालले आहे तेही पाहावे. सिडनी विद्यापीठात इव्हान कॅसल आणि टिंग रेई टॅन यांच्या गटांनी विद्युत सापळ्यात अडकवलेला एकच आयन घेतला. त्याचे हलणे म्हणजे रेणूचे कंपन, त्याची आतली अवस्था म्हणजे रेणूचा इलेक्ट्रॉन. २०२३ साली त्यांनी इलेक्ट्रॉनच्या दोन अवस्था शिवतात त्या जागेवरून जाणारी हालचाल १०० अब्ज पटीने संथ करून डोळ्यांसमोर उलगडली. २०२५ साली प्रकाश शोषल्यानंतर अॅलीन, ब्यूटाट्राइन आणि पायराझीन या खऱ्या रेणूंमध्ये काय होते ते याच रीतीने चालवून दाखवले. वाटा शेकडो नाहीत, यंत्र एका आयनाचे, पण प्रश्न अस्सल रासायनिक. मला हा प्रयोग जिउझांगपेक्षाही शिकवणारा वाटतो. प्रकाशाकडे संख्या आहे, आयनाकडे गुंतागुंत आहे. ज्या गटाला रसायनाचा प्रश्न आधी ठाऊक होता त्याने कमी सामग्रीत जास्त पल्ला गाठला.

आता पैशाचे. एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने आणि क्वीन्सलँड राज्याने मिळून ९४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर एका कंपनीवर लावले. सायक्वांटम ही ती कंपनी, ब्रिस्टल आणि लंडनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी काढलेली आणि प्रकाशावरच पूर्ण क्वांटम संगणक बांधू पाहणारी. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे पाच हजार कोटी रुपये होते. आपल्या मिशनचा आठ वर्षांचा, साऱ्या शाखांचा, साऱ्या देशाचा मिळून खर्च सहा हजार कोटी. ही तुलना रडण्यासाठी नाही, पण एवढ्या पैशांत सगळ्या दिशांना थोडे थोडे धावणे परवडणारे नाही, हे तिच्यातून दिसते. मिशनने ५० ते १००० क्युबिटांचे (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा माहिती साठवणारा मूळ घटक) लक्ष्य ठेवले आहे. क्युबिटांची मोजणी अहवालात सोपी पडते, म्हणून ती ठेवली जाते हे मी समजू शकतो. पण 'किती वाटांची चिप' याच्या शेजारी 'कोणत्या रेणूचा, कोणता, आधी न सुटलेला प्रश्न' असा एक रकाना असावा आणि तो भौतिकशास्त्रज्ञाने न भरता रसायनशास्त्रज्ञाने भरावा, एवढे तरी व्हावे.

महाराष्ट्रात हे कुठे घडू शकते, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचा पाषाण रस्ता येतो. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तिथे आहे. तिला लागूनच आयसर ही विज्ञानशिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था आहे आणि आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे नवोन्मेष केंद्र आहे. जवळच १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बांधणारी सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था आहे. आणि विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे यांनी मोठ्या रेणूचे शिंप्यासारखे तुकडे बेतून, ते वेगवेगळे सोडवून पुन्हा शिवण्याची पद्धत घडवली, जी जगभर 'टेलरिंग' याच नावाने ओळखली जाते. प्रश्न विचारणारे, यंत्र बांधणारे आणि यंत्राला साध्या संगणकावर आव्हान देणारे, तिघेही एका सायकलफेरीच्या अंतरात. जगात अशी जागा सहजी मिळत नाही. मुंबईत आयआयटीकडे मिशनचे मापन आणि संवेदन केंद्र आहे. फोटॉन न हरवता मोजणे हा शेवटी मापनाचाच प्रश्न आहे.

आव्हान देणाऱ्यांना पैसे का, असे कुणी विचारील. कारण या विषयाची आजवरची प्रगती त्यांच्यामुळेच झाली आहे. यंत्रवाल्यांनी दावा केला, गणितवाल्यांनी तो खोडला, यंत्रवाल्यांनी नुकसान कमी करून नवे यंत्र आणले. या ओढाताणीत २०२४ची ती पद्धत रसायनशास्त्रज्ञांना आंदण मिळाली, आणि ती वापरायला एकही फोटॉन लागत नाही. क्वांटम यंत्राचा विचार केला नसता तर ती सुचली नसती. झनाडूने बोरिआलिस काही काळ कुणालाही क्लाउडवरून वापरू दिले, जिउझांगच्या गटाने आपले नमुने खुले केले. त्या मोकळेपणाशिवाय त्यांच्या दाव्यांची झडती घेताच आली नसती. आपल्याकडे सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक अशा प्रयोगात किती फोटॉन सोडले आणि किती पोहोचले हे दोन आकडे तरी खुले असावेत, अशी अट घालायला कुणाचीच हरकत नसावी.

मला कुणी विचारले की पहिला रेणू कोणता घ्याल, तर मी करक्यूमिन म्हणणार नाही. ४७ अणू आज फार होतात. पण करक्यूमिनच्या मधोमध एक हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या मधे दोघांनाही धरून बसलेला असतो. त्याच ठेवणीचा सगळ्यात लहान रेणू म्हणजे मॅलोनाल्डिहाइड. नऊ अणू, २१ कंपने. त्यातला हायड्रोजन मधली टेकडी न चढता तिच्या आरपार जातो, आणि त्या जाण्यामुळे रेणूची सर्वात खालची ऊर्जापातळी दुभंगते. ते अंतर प्रयोगाने अगदी काटेकोर मोजलेले आहे: सेंटिमीटरमागे २१.६ (वर्णपट मोजणारे ऊर्जा याच एककात सांगतात). साध्या संगणकावर हा आकडा मिळवायला सिद्धान्तकारांना अनेक दशके घाम गाळावा लागला, कारण इथे स्प्रिंगची सोय चालत नाही आणि एकवीसही कंपने त्या उडीत थोडाफार हात देतात. एकवीस वाटांची चिप आज बनते. तिच्यातल्या फोटॉनांना एकमेकांची ओळख कशी करून द्यायची, हे अजून कुणाला नीट जमलेले नाही. पाषाण रस्त्यावरच्या एखाद्या टेबलाभोवती रसायनवाले, प्रकाशवाले आणि संगणकवाले बसले, समोरच्या कागदावर फक्त २१.६ हा आकडा लिहिलेला असला आणि त्यांना पाच वर्षे निवांत दिली, तर माझ्या करातले पैसे तिथे गेलेले मला आवडतील.